फोटो नेमका असतो कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘स्टोरेज फुल’ हे दोन शब्द आता जवळजवळ मराठीच झाले आहेत. लग्नात अंतरपाट दूर होण्याचा क्षण येतो, किंवा नात पहिलं पाऊल टाकते, आणि फोन धरून उभा असलेला माणूस एकदम थबकतो. ‘अरे, जागाच नाही!’ मग घाईघाईनं दोन-चार जुने फोटो पुसले जातात, एक नवा फोटो निघतो आणि मूळ प्रश्न पुढच्या समारंभापर्यंत ढकलला जातो.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी मी काही वर्षांपासून मोबाइल वापरण्याचा वर्ग घेतो. तिथं सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न पैसे पाठवण्याचा नसतो, रेल्वेच्या तिकिटाचाही नसतो. तो फोटोंचा असतो. आणि विचारणाऱ्याच्या आवाजात एक वेगळीच काळजी असते. तिचं कारण उघड आहे. पैसे चुकीच्या खात्यात गेले तर निदान बँकेत तक्रार करता येते. गेलेल्या माणसाचा गेलेला फोटो पुन्हा काढता येत नाही.

म्हणून आज आपण तीन गोष्टी समजून घेऊ. फोन नेमका कशानं भरतो? ‘क्लाउड’ म्हणजे काय आणि तिथं ठेवलेले फोटो खरोखर कुठे असतात? आणि थोड्याशा जागेत आपल्या आठवणी सुखरूप कशा ठेवायच्या?

जागेची टंचाई फोटोच्या व्यवसायाला मुळीच नवी नाही. ज्यांनी रोलचे कॅमेरे वापरले, त्यांना ३६ हा आकडा पाठ असेल. मुंजीला एक रोल, महाबळेश्वरच्या सहलीला एक रोल. तो धुऊन येईपर्यंत आठवडा जायचा आणि ३६ पैकी चार फोटोंत कुणाचे तरी डोळे मिटलेले असायचे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथं, कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं पहिला हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या पुढे होतं. एक काळा-पांढरा फोटो साध्या कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. एका कॅसेटवर ३० फोटो ठेवायचे असं सॅसननं ठरवलं, कारण लोकांना २४ आणि ३६ फोटोंच्या रोलची सवय होती आणि ३० हा आकडा त्यांच्या मधला होता. म्हणजे डिजिटल फोटो जन्माला आला तोच जागेचा हिशेब सोबत घेऊन. पुढे याच तंत्रानं रोलचा धंदा बसवला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता आपल्या फोनचा हिशेब करू. साधारण १२ मेगापिक्सेलचा एक फोटो तीन ते चार एमबी जागा घेतो. म्हणजे जुन्या भाषेत ३६ फोटोंचा एक रोल सव्वाशे एमबीच्या आसपास झाला. एक हजार एमबी म्हणजे एक जीबी असं ढोबळ मानाने धरा. म्हणजे एका जीबीत आठ रोल बसले. हे काही वाईट नाही. १२८ जीबीच्या फोनमधली बरीचशी जागा फोनची स्वतःची यंत्रणा आणि ॲप घेतात, तरीही फोटोंसाठी शेकडो रोलची जागा उरते. मग फोन भरतो कसा?

पहिलं उत्तर आहे व्हिडिओ. आयफोनवर एक मिनिटाचा फुल एचडी, म्हणजे १०८० दर्जाचा व्हिडिओ नव्या पद्धतीनं साठवला तर सुमारे ६० एमबी आणि जुन्या पद्धतीनं साठवला तर सुमारे १३० एमबी जागा घेतो. तोच व्हिडिओ ‘फोर-के’ दर्जाचा काढला तर मिनिटाला १७० ते ३५० एमबी. अँड्रॉइड फोनचे आकडे थोडे मागे-पुढे असतील, पण जात तीच. म्हणजे वरातीचा दहा मिनिटांचा फोर-के व्हिडिओ दीड-पावणेदोन ते साडेतीन जीबी जागा खातो. त्याच जागेत पाचशे ते हजार फोटो बसले असते. घरच्या टीव्हीवर बघायला फुल एचडी पुरेसा असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओचा दर्जा ‘१०८०’ वर आणून ठेवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. एकदाच करायचा, दोन मिनिटांचं काम.

दुसरं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी सहापासून येणारे ‘शुभ सकाळ’, उगवता सूर्य, दोन गुलाब आणि एक सुविचार. ही फक्त आपल्या सोसायटीच्या गटाची व्यथा नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं याच विषयावर मोठी बातमी छापली होती. भारतातले स्मार्टफोन इतके का भरतात याचा शोध गूगलची माणसं घेत होती आणि त्यांना कारण सापडलं ते या शुभेच्छांचं. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपते आणि अमेरिकेत हेच प्रमाण दहांत एक असं आहे, हा वेस्टर्न डिजिटल या साठवणुकीची साधनं बनवणाऱ्या कंपनीचा आकडाही त्या बातमीत होता. त्याच सुमारास, डिसेंबर २०१७ मध्ये, गूगलनं एक छोटं ॲप काढलं. अशी चित्रं हुडकून एकगठ्ठा पुसायला मदत करणं हे त्याचं एक काम होतं. आज ते ‘फाइल्स’ या नावानं बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतं.

यावर दोन सोपे उपाय आहेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ असा भाग आहे. तिथं आलेले फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करता येतं. मग जे हवं त्यावरच बोट लावायचं. त्याच भागात ‘मॅनेज स्टोरेज’ दाबलं की पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि खूपदा पुढे ढकललेले संदेश वेगळे काढून दाखवले जातात. कोणत्या गटानं किती जागा खाल्ली तेही कळतं. आमच्या वर्गात एका गृहस्थांच्या फोनमध्ये एकट्या भजनी मंडळाच्या गटानं नऊ जीबी व्यापले होते. ‘देवाचंच आहे हो, पुसू कसं?’ असा त्यांना प्रश्न पडला होता. त्यावर त्यांच्या सौभाग्यवतींनी ‘निर्माल्यसुद्धा आपण रोज काढतोच की!’ असं उत्तर दिलं आणि प्रश्न मिटला.

आता क्लाउडकडे वळू. क्लाउडचा शब्दशः अर्थ ढग असला तरी त्यात आकाशातलं काही नाही. कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती असतात, त्यांत हजारो संगणक अखंड चालू असतात आणि त्यांतल्या काही तबकड्यांवर आपला फोटो साठवलेला असतो. आपण आपल्या नावानं तिथं खातं उघडलेलं असतं. फोन इंटरनेटला जोडला गेला की नवे फोटो आपोआप त्या खात्यात जाऊन बसतात. इथपर्यंत सगळं सरळ आहे. गोंधळ होतो तो पुढे, ‘बॅकअप’ आणि ‘सिंक’ या दोन शब्दांमध्ये.

बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. घराच्या कागदपत्रांची झेरॉक्स काढून ती बहिणीकडे ठेवावी तसं. आपल्याकडचा कागद फाटला तरी तिच्याकडची प्रत शाबूत. सिंकचं तसं नाही. सिंक म्हणजे नवरा-बायकोचं बँकेतलं संयुक्त खातं. कार्डं दोन आहेत, एक यांच्या खिशात आणि एक त्यांच्या पर्समध्ये. दोन्ही कार्डांवर शिल्लक दिसते पन्नास हजार. म्हणून घरात एक लाख रुपये आहेत असं कुणी म्हणेल का? पैसे एकच, बघायच्या खिडक्या दोन. एका कार्डानं वीस हजार काढले की दुसऱ्या कार्डावरही तीसच उरतात. फोनवर दिसणारा आणि क्लाउडमध्ये दिसणारा फोटो पुष्कळदा असाच असतो.

हा फरक न कळल्यामुळे काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो.

वर्गाला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं. क्लाउडमधली जागा संपल्याचा संदेश रोज येऊ लागला म्हणून त्यांनी एका दुपारी बसून तिथले दोन वर्षांचे फोटो पुसून टाकले. संध्याकाळी पाहतात तर फोनमधलेही गेले. त्या मला म्हणाल्या, ‘अहो सर, मी फक्त वरचे काढले हो! माझे इथे फोनमध्ये आहेतच ना?’ सुदैवानं त्या आठवड्याभरातच आल्या. पुसलेले फोटो लगेच नाहीसे होत नाहीत, काही दिवस कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे ‘बिन’मध्ये राहतात. तिथून ते परत आणता आले. दोन-अडीच महिन्यांनी आल्या असत्या तर माझ्या हातात काहीही नव्हतं.

दुसरं उदाहरण नेमकं उलटं. एक काका निर्धास्त होते. ‘माझं सगळं क्लाउडवर जातं, मुलानं करून दिलंय,’ असं ते सांगत. बसच्या गर्दीत त्यांचा फोन गेला. नवा फोन घेतला, खातं उघडलं, तर शेवटचा फोटो सात महिन्यांपूर्वीचा. मोफत जागा तेव्हाच भरली होती आणि त्या दिवसापासून एकही नवा फोटो वर गेला नव्हता. सूचना येत होत्या, पण रोज येणाऱ्या पन्नास सूचनांमध्ये ही कोण वाचतो? त्या सात महिन्यांत नातीचं बारसं होतं. इतरांनी काढलेले काही फोटो व्हॉट्सॲपवरून मिळाले, पण त्यांनी स्वतः काढलेला, पणजीच्या मांडीवरच्या नातीचा फोटो मिळाला नाही. आणि पणजी आता नाहीत.

एकाला वाटलं दोन प्रती आहेत, प्रत्यक्षात एकच होती. दुसऱ्याला वाटलं एक तरी वर आहे, प्रत्यक्षात तीही नव्हती. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. फोटो ‘दिसतो’ यावर विसंबू नका, तो ‘असतो’ कुठे ते विचारा.

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो आणि त्यात ‘गूगल फोटोज’ आलेलं असतं. त्याची कथा समजून घेण्यासारखी आहे. मे २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा थोडा लहान केलेला फोटो चालणार असेल तर कितीही फोटो फुकट ठेवा, अशी सोय होती. लोकांनी मनसोक्त फोटो भरले. मग १ जून २०२१ पासून ही अमर्याद सोय संपली. त्या तारखेआधी त्या पद्धतीनं ठेवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत, पण त्यानंतरचा प्रत्येक फोटो १५ जीबीच्या मोफत कोट्यात मोजला जातो. याला फसवणूक म्हणायचं कारण नाही. कंपनीनं ते आधी जाहीर केलं होतं. पण फुकट मिळणारी सोय कायमची नसते, हा धडा त्यातून घ्यायला हवा. फ्लिकर या फोटोंच्या सेवेनं २०१३ मध्ये प्रत्येकाला एक हजार जीबी मोफत दिले होते. २०१९ मध्ये मोफत खात्यावर एक हजार फोटोंची मर्यादा आली. आपल्यापैकी अनेकांचं तरुणपण ज्या ऑर्कुटवर गेलं, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं.

या १५ जीबीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ते केवळ फोटोंसाठी नाहीत. जीमेलचा पत्रव्यवहार, ड्राइव्हमधल्या फायली आणि फोटो या तिन्हींत मिळून ते १५ जीबी आहेत. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी यात धरला जात नसे; डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं तोही धरला जाऊ लागला. एकाच पाण्याच्या टाकीला चार नळ लावल्यासारखं हे आहे. टाकी रिकामी झाली की कोणत्या नळानं ती संपवली याच्याशी पाण्याला देणं-घेणं नसतं. आणि कोटा भरला की फक्त फोटो वर जायचे थांबत नाहीत, ईमेल येणं-जाणंही थांबतं. बँकेचं पत्र, विम्याची आठवण, मुलाखतीचं बोलावणं, सगळं पाठवणाऱ्याकडे परत जातं. वरातीच्या व्हिडिओपायी नोकरीचं पत्र न येणं असं खरंच होऊ शकतं.

आयफोनवाल्यांचा मोफत कोटा आणखी लहान, ५ जीबीचा. २०११ मध्ये आयक्लाउड आलं तेव्हापासून तो तेवढाच आहे. आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइज स्टोरेज’ नावाची सोय आहे. ती चालू असली की पूर्ण आकाराचा मूळ फोटो क्लाउडमध्ये राहतो आणि जागा कमी पडू लागली की फोनमध्ये त्याची लहान प्रतिकृती ठेवली जाते. तुम्ही फोटोवर बोट लावलं की मूळ फोटो इंटरनेटवरून आणला जातो. जागा वाचते हे खरं. पण गावी नेटवर्क नसेल तर फोटो धुरकट दिसतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, फोटो बिघडलेला नाही. मूळ कागद कचेरीत आहे आणि हातात फक्त नक्कल आहे. मात्र आयक्लाउड फोटोज हे सरळसरळ संयुक्त खातं आहे. आयफोनवरून पुसलं की आयपॅडवरून आणि क्लाउडमधूनही पुसलं गेलं. परत आणायला साधारण ३० दिवसांची मुदत मिळते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोला ६० दिवस मिळतात आणि न झालेल्याला ३०.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. कुकरची वाफ जाऊ द्यायची आणि मग झाकण काढायचं, उलट करायचं नाही, तसं.

सर्वांत आधी खात्री करून घ्या. गूगल फोटोज उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट लावा. बॅकअप पूर्ण झाला आहे, चालू आहे की बंद आहे ते तिथं कळतं, आणि १५ पैकी किती जीबी वापरले तेही दिसतं. बॅकअप कोणत्या खात्यात जातो आहे तेसुद्धा बघा. एकाच फोनमध्ये आपलं एक आणि मुलानं कधीतरी उघडून दिलेलं दुसरं अशी दोन खाती असतात आणि फोटो भलत्याच ठिकाणी साठत असतात. आणखी एक बारकावा आहे. कॅमेऱ्यानं काढलेले फोटो आपोआप वर जातात, पण व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर आपण निवडल्याशिवाय त्याचा बॅकअप होत नाही. सगळा गट वर पाठवू नका, नाहीतर सगळे गुलाब आणि सूर्योदय क्लाउडमध्ये जाऊन बसतील. भाचीनं पाठवलेले लग्नाचे निवडक फोटो तेवढे वेगळे काढून त्यांचा बॅकअप घ्या.

खात्री झाली की मगच फोनमधली जागा मोकळी करायची. त्यासाठी गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ असं वेगळं बटण आहे. ते फक्त त्याच फोटोंना फोनमधून काढतं, ज्यांची प्रत वर सुखरूप पोचली आहे. म्हणजे क्लाउडमधली प्रत राहते. याउलट, त्याच ॲपमध्ये एकेक फोटो निवडून कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं तर फोटो दोन्हीकडून जातो. बटणं दोन्ही शेजारीपाजारी, परिणाम मात्र अगदी वेगळे. आमच्या शिक्षिकाबाईंची सगळी गफलत एवढ्याचीच होती. मात्र फोन रिकामा केल्यावर फोटोची एकच प्रत उरते, क्लाउडमधली, हेही विसरू नका.

क्लाउडमधली जागा संपत आली असेल तर आधी बिनफोटोची अडगळ काढा. जीमेलमध्ये मोठ्या जोडपत्रांची जुनी पत्रं असतात, ती पुसा. पुसल्यावर जीमेलचा आणि ड्राइव्हचा कचऱ्याचा डबा रिकामा करा, कारण डब्यातला कचराही जागा धरून बसतो. मग लांबलचक व्हिडिओ, एकाच प्रसंगाचे आठ-आठ सारखे फोटो, पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली त्याचा फोटो, औषधाच्या पाकिटाचा फोटो, पडद्यावरच्या मजकुराची छायाचित्रं. यातलं बरंच काही आपण कधीच पुन्हा बघणार नसतो. आधारकार्ड आणि पासबुकाचे फोटो असतील तर तेही गॅलरीत पडू देऊ नका.

गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडला तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढ्यापर्यंत लहान होतात आणि व्हिडिओ १०८० वर येतात. घरगुती वापराला आणि अल्बममधल्या छपाईला हा दर्जा भरपूर आहे. १५ जीबीत साडेतीन एमबीचे सुमारे चार हजार फोटो बसतात. जो माणूस दर महिन्याला निवड करतो त्याला हा कोटा पुष्कळ दिवस पुरतो. जो करत नाही त्याला शंभर जीबीही पुरत नाहीत. जास्त जागा विकत घेण्यात गैर काहीच नाही. पण ते भाड्याचं घर आहे, भाडं भरणं थांबलं की काय होईल, हे आधी वाचून घ्यावं. आणि ‘तुमची जागा संपली, फोटो पुसले जातील, या दुव्यावर पैसे भरा’ असा संदेश किंवा ईमेल आला, तर त्या दुव्याला हात लावू नका. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः तपासा. भामट्यांना आपली काळजी चांगली ठाऊक असते.

आता दुसऱ्या प्रतीबद्दल. छायाचित्रकारांमध्ये ‘तीन-दोन-एक’ असा एक नियम प्रचलित आहे. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकारानं तो लोकप्रिय केला. महत्त्वाच्या फोटोच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी घराबाहेर असावी. आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांना यातल्या शेवटच्या अटीचं महत्त्व समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड. पाणी ओसरल्यावर धान्य पुन्हा भरता आलं, गाद्या नव्या घेता आल्या. पण अल्बममधले ओले फोटो एकमेकांना चिकटले की सोडवताना वरचा रंगच निघून येतो. त्या घरांत फोटोंची एखादी प्रत दुसऱ्या गावी असती, तर ती वाचली असती. क्लाउडचा खरा उपयोग हाच. तो घराबाहेरची प्रत आहे.

पण घरातलीही एक प्रत हवी. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि वर्षातून दोनदा, समजा पाडव्याला आणि दसऱ्याला, निवडक फोटो संगणकाच्या मदतीनं तिच्यावर उतरवा. गूगलच्या खात्यातलं सगळं एकत्र उतरवून घेण्यासाठी ‘टेकआउट’ नावाची सोय २०११ पासून आहे. संगणक नसेल तर मुलाची, भाच्याची किंवा शेजारच्या कॉलेजकुमाराची मदत घ्या. पेनड्राइव्हवर फार काळ विसंबू नये. नुसता कपाटात पडून राहिला तरी त्यातली माहिती कालांतरानं पुसट होऊ शकते. हार्ड डिस्कही यंत्रच आहे, ते कधीतरी बिघडणार. म्हणून वर्षातून एकदा ती जोडून फोटो उघडतात का ते पाहायचं.

जुन्या अल्बममधल्या फोटोंनाही हेच लागू आहे. पावसाळ्याआधी सावलीतल्या चांगल्या उजेडात एकेका फोटोचा सरळ वरून फोटो काढा. एखाद्या फोटोची मूळ प्रत दुसऱ्या घरी पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तिथं तो दाबून लहान केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा जातो.

एका विषयावर घरात बोलायला आपण टाळतो, पण बोललं पाहिजे. आपल्यामागे या फोटोंचं काय? कागदी अल्बम कपाटात असतो, कपाटाची किल्ली घरात असते. क्लाउडच्या खात्याची किल्ली म्हणजे आपला पासवर्ड, आणि तो आपल्या डोक्यात असतो. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे वडील गेल्यावर त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवला, तर त्यांचे फोटो दोन-अडीच वर्षांत कायमचे जाऊ शकतात. यावर उपाय आहे. गूगलच्या खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर माहिती कुणाला द्यायची, त्याचं नाव तिथं नोंदवता येतं. ॲपलनंही डिसेंबर २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही सोय दिली आहे. बँकेच्या खात्याला वारस लावतो तसाच इथंही लावायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते मुलांना जवळ बसवून करावं.

शेवटी एक गोष्ट, जी कोणतंही यंत्र आपल्यासाठी करणार नाही. फोन फोटोसोबत तारीख, वेळ आणि पुष्कळदा जागाही लिहून ठेवतो. चेहरेही ओळखतो. पण उजवीकडून तिसरी बाई म्हणजे आत्याच्या सासूबाई आणि त्यांनीच आजोबांना शिकवलं, हे त्याला ठाऊक नसतं. जुन्या फोटोंच्या मागे शाईनं नावं लिहिलेली असायची. डिजिटल फोटोला मागची बाजूच नाही. म्हणून महिन्यातून एक दुपार काढा. सुमार फोटो पुसा आणि उरलेल्यांतले दहा निवडा. त्या दहांना दोन ओळींची नोंद जोडा: कोण, कुठे, कशासाठी. गूगल फोटोजमध्ये आणि आयफोनमध्येही फोटो वर सरकवला की लिहायला जागा मिळते. वर्षाचे झाले एकशे वीस. त्यातले वीस-पंचवीस फोटोग्राफरकडून कागदावर छापून घ्या आणि त्यांच्या मागे पुन्हा शाईनं नावं लिहा. त्या कागदाला ना चार्जिंग लागतं ना पासवर्ड. आणि नावं विचारायला घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती जवळ असेल, तर त्या दुपारी सुरुवात तिच्यापासून करा.